पाड्यावरची मुलगी नर्स व्हायची तर…

मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या सरांनी विचारलं आहे: "आमच्याकडे दहावीला दरवर्षी तीस-पस्तीस मुली असतात. आरोग्य उपकेंद्रावर बाहेरून आलेली सिस्टर वर्ष-दोन वर्षांत बदली करून घेते, मग जागा महिनोन्महिने रिकामी. आपल्याच मुली नर्स झाल्या तर टिकतील, म्हणून आम्ही दर जानेवारीत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम घेतो. 'नर्स कोणाला व्हायचंय?' म्हटलं की निम्म्या मुली हात वर करतात. पण चार वर्षांत एकही नर्सिंगच्या वर्गात पोचली नाही. आम्ही कुठे चुकतोय?"

सर, निम्म्या मुली हात वर करतात, म्हणजे इच्छा आहेच. ती जागवायला आणखी भाषणं नकोत. हात वर करण्यापासून नर्सिंगच्या वर्गात बसेपर्यंत अडीच-तीन वर्षांची वाट आहे, आणि त्या वाटेवर मुली ठरावीक ठिकाणी गळतात. तिथे त्यांच्या सोबत कोणीतरी उभं राहायला हवं.

मी ३१ वर्षं सरकारी आरोग्यसेवेत काढली. पहिली अकरा जव्हारच्या बाजूला उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून. मग पुढचं शिकून पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका झाले आणि उरलेली वीस वर्षं एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांच्या मुली शिकवल्या. मी स्वतः देशावरची. १९९२ साली वावर-वांगणीत बाळं दगावली आणि सगळ्या राज्याचं लक्ष जव्हारकडे गेलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. त्या दिवसांत एका पाड्यावर एक आई मला तेच तेच तीनदा सांगत होती. मला वारली बोली कळत नव्हती. जुलाब असतील असं धरून मी ओआरएसचं पाकीट काढलं. शेजारी भावंडाला कडेवर घेऊन उभी असलेली सातवीतली मुलगी पुढे झाली आणि शाळेच्या मराठीत म्हणाली, "बाई, बाळ दोन दिवस दूध ओढत नाही, असं सांगते ती." अंगावर ओढायचं थांबलेलं बाळ म्हणजे तातडीने दवाखान्यात न्यायचं बाळ. त्या मुलीमुळे ते वेळेत पोचलं.

ती मुलगी पुढे नर्स झाली नाही. दोन वर्षांत तिचं लग्न झालं, दर दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायला लागली. "तू नर्स होशील का?" असं तिला कोणी विचारलंच नाही. मीही नाही. ते मनातून जात नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल. तो दहावीच्या जानेवारीत होतो, म्हणजे फार उशिरा. पोरीचं गणित कच्चं राहायचं ते आठवीत राहून गेलेलं असतं, इंग्रजीची भीती बसायची ती बसलेली असते, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. सुरुवात आठवीला करा, आणि भाषणाने करू नका. हाताला काम द्या.

मी आठवी-नववीच्या मुलींना उपकेंद्रावर नेत असे. एका वेळी सहाच. पहिल्या दिवशी एकच काम: लहान मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि आकडा ६० किंवा त्यावर गेला, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल आणि ५० किंवा वर गेला, एक ते पाच वर्षांचं असेल आणि ४० किंवा वर गेला, तर श्वास जलद आहे, न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि सिस्टरला दाखवायचं. बस एवढंच. मुली घरी जाऊन भावंडांचे, शेजारच्या पोरांचे श्वास मोजतात. एखादीला खरोखर आजारी मूल सापडतं, आणि त्या दिवसापासून पाडा तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो. तीही स्वतःकडे वेगळी बघते. अशा एका दिवसाने जे होतं ते दहा पाहुण्यांच्या भाषणांनी होत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसऱ्या वेळी वजनकाटा. तिसऱ्या वेळी बी.पी.चं यंत्र, तेही आधी एकमेकींचं. लसीकरणाच्या दिवशी नोंदी करायला बसवा. मात्र सुई, औषध, जखम यातल्या कशालाही हात लावू द्यायचा नाही, हे सिस्टरशी आणि मुलींशी आधीच स्पष्ट बोला.

याच वयात गणित पक्कं करून घ्या, पण नर्सच्या कामातलं. ५०० मिलीची सलाईन चार तासांत द्यायची आहे, नळीच्या संचात २० थेंबांचा १ मिली होतो, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४०. साधारण ४२ थेंब. त्रैराशिक येणारी कोणतीही मुलगी हे करू शकते. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी नापास होणाऱ्या बऱ्याच मुली याच हिशेबात अडायच्या, कारण भागाकार पाचवीतच सुटला होता आणि पुढे कोणी मागे वळून पाहिलं नव्हतं.

आदिवासी मुलींना हे झेपेल का, अशी शंका शहरातल्या बैठकांत मी पुष्कळ ऐकली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि ते काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. निलगिरीतल्या गुडलूरला १९९० पासून आदिवासींचं स्वतःचं रुग्णालय आहे, तिथे आसपासच्या आदिवासी मुलींनाच नर्सिंग शिकवून उभं केलं. शिकायची ताकद आहे का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. आपण आता वाटेबद्दल बोलू.

पहिली गळती दहावीनंतर. बहुतेक मुली कला शाखेला जातात, कारण जवळच्या आश्रमशाळेत विज्ञानाचा वर्ग नसतो, किंवा असला तर शिक्षक नसतात. इथे मुलींना आणि शिक्षकांनाही नीट माहिती नसते, म्हणून जरा तपशिलात सांगते. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, बारावी कोणत्याही शाखेतून चालते. जीएनएम तीन वर्षांचा, त्यालाही बारावीची कोणतीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन बारावी लागते, खुल्या गटाला ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, शिवाय राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. तिन्हीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. प्रवेशाची प्रक्रिया आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

म्हणजे कला शाखेच्या मुलीचं दार बंद झालेलं नाही. ती एएनएम करून आरोग्यसेविका होऊ शकते. एएनएम झालेली जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होते, पुढे एम.एस्सी.ही करता येतं. मी स्वतः पायरी पायरीनेच वर आले. तरी ज्या मुलीला विज्ञान झेपतंय तिला कला शाखेत ढकलू नका. जव्हार, नाशिक किंवा पालघरला वसतिगृह मिळवून तिला विज्ञानाला घाला. दहावीच्या निकालानंतरचे ते पंधरा दिवस तुम्ही गावाला न जाता शाळेत थांबलात, तर एवढ्यानेही चार मुलींची आयुष्यं बदलतील.

दुसरी गळती कागदांची, आणि ती सगळ्यात जिव्हारी लागते, कारण तिथे हुशार मुलगी निव्वळ कागदापायी मागे राहते. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही महत्त्वाची तारीख. त्या तारखेच्या आधीचा जमातीचा आणि राहण्याचा पुरावा मिळाला तर काम सोपं होतं. ज्या कातकरी कुटुंबाने तीन पिढ्या भट्टीवर आणि कोळशावर काढल्या, त्यांच्याकडे १९५० चा कागद कुठून येणार? पण शोधलं तर सापडतो. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत एक वर्ष जरी गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. तहसीलच्या अभिलेखात कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, जन्म-मृत्यूची नोंद. जमिनीचे जुने फेरफार. वडील, काका, सख्खं भावंड यांच्यापैकी कोणाची वैधता आधी झाली असेल तर ती प्रत जोडायचीच. आडनावाच्या स्पेलिंगमधला आणि शाळेच्या दाखल्यातल्या जमातीच्या नोंदीतला फरक आठवीतच बघून ठेवा. बारावीनंतर दुरुस्ती करायला गेलात तर प्रवेशाची मुदत टळून जाते.

तुमच्या शाळेतल्या एका शिक्षकाने, किंवा गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने, फक्त हे काम अंगावर घ्यावं. प्रत्येक मुलीची एक फाईल: जन्मदाखला, जातीचा दाखला, वंशावळ, जुने पुरावे, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. अकरावीत पडताळणीचा अर्ज गेलाच पाहिजे. हे वाचायला रुक्ष वाटेल, पण मी पाहिलेल्या मुलींपैकी बुद्धी कमी पडून राहिलेल्या थोड्या, फायलीपायी राहिलेल्या पुष्कळ.

इथेच एक धोका सांगते, आणि तो दहावी-बारावीच्या प्रत्येक पालकसभेत सांगा. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या आसपास, "एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी" असे फलक लागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या बापाने भट्टीमालकाकडून उचल घेऊन अशा ठिकाणी पैसे भरले. वर्षभर ती एका खासगी दवाखान्यात झाडूपासून सलाईन लावण्यापर्यंत सगळं करत होती, फुकट. शेवटी हातात गुळगुळीत कागदाचं प्रमाणपत्र आलं. त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही, हे तिला मी सांगितलं तेव्हा कळलं. बापाची उचल फेडायला सगळं घर पुढचे दोन हंगाम भट्टीवर राबलं. पुढे ती एएनएम झाली, पण तिची ती वर्षं कोणी परत दिली नाहीत. संस्था कितीही चांगली दिसो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि भारतीय परिचर्या परिषदेची त्या वर्षाची मान्यता आहे का, एवढंच विचारायचं आणि परिषदेच्या यादीत स्वतः बघायचं. शिक्षण संपल्यावर परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो. तो नसेल तर ती नर्स नव्हे.

आता घर. शिक्षक मला सांगतात, "पालक अडाणी आहेत, समजत नाहीत." मला तसा अनुभव नाही. पालकांना भीती असते आणि ती खरी असते. मुलगी रात्रपाळीला जाणार, परक्या पुरुषांना हात लावणार, मेलेल्या माणसाचं अंग पुसणार, शहरात एकटी राहणार, परजातीत लग्न करणार. ही भीती काही फक्त पाड्यावरची नाही. पुण्यात १९०९ साली बायकांना शिकवणारी सेवासदन ही संस्था सुरू झाली आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हा शिकल्यासवरल्या पेठांमधल्या लोकांच्या कपाळालाही आठ्या होत्या. भीती वाद घालून जात नाही. ती डोळ्यांनी बघितल्यावर जाते.

म्हणून आईला न्या. बापाला न्या, पण आईला न्याच. सरकारी नर्सिंग शाळेचं वसतिगृह दाखवा: फाटकावरचा पहारेकरी, बाहेर जाताना सही करायची वही, वॉर्डनबाई, मुलींच्या खोल्या, संडास. मग वॉर्डात नेऊन एखाद्या सिस्टरला काम करताना पाहू द्या. मी नेलेल्या एका आईने प्रसूतिकक्षाच्या दारातून सगळं पाहिलं आणि परतताना गाडीत म्हणाली, "हे तर आमची सुईण करते. हिला पगार मिळतो एवढंच." त्यानंतर त्या घरात पुन्हा विषय काढावा लागला नाही. वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी बाईच असते, बाळंतपणात सुईणीचा शब्द शेवटचा असतो. बाईच्या हातातलं मोठं काम या समाजाला नवं नाही. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा, सुईणीला बोलू द्या. नर्स येऊन तिचा मान जाणार आहे असं तिला वाटलं तर ती विरोधात जाईल. तीच म्हणाली "माझी नात शिकू दे" तर पाडा ऐकतो.

तिसरी गळती प्रवेश झाल्यानंतर, आणि तिच्याबद्दल गावात कोणी बोलतच नाही. मुलगी नर्सिंगला लागली, पेढे वाटले, ग्रामसभेत सत्कार झाला, विषय संपला. दिवाळीत मुलगी घरी येते ती परत जात नाही. माझ्या अनुभवात पहिले सहा महिने हे सगळ्यात नाजूक. वर्गात शरीररचनेचं पुस्तक इंग्रजीतून. शेजारच्या खाटेवरची मुलगी शहरातली, तिच्या बोलण्यावर हसणारी. जेवणात पातळ वरण आणि पोळी, नागलीची भाकर नाही. पहिला मृत्यू बघायचा तो इथेच. आणि घरून फोन येतो की धाकटा आजारी आहे, आई भट्टीवर गेली आहे, तू ये.

एक मुलगी दुसऱ्या महिन्यात पळून गेली होती. मी रविवारी तिच्या पाड्यावर गेले. तिने कारण सांगितलं ते एवढंच: बाईंनी 'प्लासेंटा' विचारलं आणि तिला आलं नाही, सगळ्या हसल्या. मी विचारलं, "वार पाहिली आहेस?" म्हणाली, "चुलतीची पाहिली. पूर्ण पडली का ते आजी बघत होती, तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही." सर, माझ्या वर्गातल्या चाळीस मुलींपैकी एकीलाही हे त्या दिवशी माहीत नव्हतं. मी तिला तेच सांगितलं. ती परत आली, तेव्हा आम्ही एक वही सुरू केली. डाव्या बाजूला घरातला शब्द, मध्ये पुस्तकी मराठी, उजवीकडे इंग्रजी देवनागरीत आणि मग रोमन लिपीत. वार, अपरा, प्लासेंटा. धाप, श्वासकष्ट, डिस्प्निया. कावीळ, जॉन्डिस. मग कोकणा मुलींनी आपले शब्द घातले, कातकरी मुलींनी आपले. वर्षअखेरीला शहरातल्या मुली ती वही उसनी मागायला लागल्या, कारण वॉर्डात पेशंट बोलायचे ते शब्द त्या वहीतच होते.

ही वही तुम्ही अकरावीतच सुरू करू शकता. पहिले सहा महिने गावातल्या एका माणसाने आठवड्याला फोन करायचा, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी भेटायला जायचं, जाताना भाकरी आणि सुकट घेऊन. घरच्या अडचणी तिच्या कानावर घालण्याआधी शेजाऱ्यांनी सोडवता येतात का बघायचं. एकाच गटातल्या दोन मुली एकाच शाळेत जातील असं पाहा. एकटी मुलगी परत येते, दोघी एकमेकींना धरून राहतात.

तब्येतीचंही बघा. दहावीतच हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. सिकलसेलची वाहक असणं हा आजार नाही, त्यापायी कोणी मुलीला मागे ओढलं तर भांडा. पण हिमोग्लोबिन आठ असलेली मुलगी रात्रपाळीत चक्कर येऊन पडते आणि लोक म्हणतात, हिला झेपत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. सरकारी संस्थांची फी फार नसते, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अडचण अशी की हे पैसे खात्यात पडेपर्यंत महिने जातात, आणि गणवेश, पुस्तकं, बूट, एसटी यांचा खर्च पहिल्या आठवड्यात उभा राहतो. मुली गळतात त्या लाखांसाठी नव्हे, या चार-पाच हजारांसाठी. गावातल्या बचत गटांनी आणि शिक्षकांनी मिळून एवढी रक्कम फिरती ठेवावी: शिष्यवृत्ती आली की परत, मग पुढच्या मुलीला. आम्ही ती बिनव्याजी ठेवली होती आणि हिशेब मुलींच्याच हातात दिला होता.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. शिकून मुलगी परत येईल का?

ग्रामीण भागात वाढलेली माणसं शिकून ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागासाठीच्या शिफारशींमध्ये पहिल्याच क्रमांकावर मांडलं. पण शक्यता म्हणजे सक्ती नव्हे. काही गावांनी मुलीकडून "शिकून इथेच काम करीन" असं लिहून घ्यायचा विचार बोलून दाखवला, मी कडाडून विरोध केला. डॉक्टर-इंजिनीयर झालेल्या मुलाला आपण असं विचारत नाही. २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. मोखाड्याची मुलगी उद्या तिथे जाते म्हणाली तर तिला हार घालून पाठवा. दहा तयार करा, चार बाहेर जातील, सहा इथल्या जिल्ह्यात राहतील. एकीलाच तयार करून तिला बांधून ठेवाल तर पुढची कोणी तयार होणार नाही.

परत येणाऱ्यांसाठी जागा आहे का, हेही मुलींशी खरं बोला. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे, म्हणजे कामाची कमतरता नाही. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या काही संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखल्या, त्यात आरोग्यसेविकाही होती. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी हे तालुके त्या क्षेत्रात येतात. पुढे हा विषय न्यायालयात गेला, भरती रखडली आणि निवड झालेली मुलं-मुली नियुक्तीसाठी रस्त्यावर बसली, हेही सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा "सरकारी नोकरी नक्की" असं मुलीला कधीही सांगू नका. कंत्राटी काम, खासगी रुग्णालयातला सुरुवातीचा तुटपुंजा पगार, मग अनुभवाने वाढणारा, असा खरा रस्ता सांगा. ग्रामसभेने मात्र रिक्त जागेचा ठराव दर तिमाहीला करून जिल्हा परिषदेकडे पाठवत राहावं. मुली तयार करायच्या आणि जागा मागायची नाही, हे अर्धंच काम झालं.

आणखी एक गोष्ट मी उपकेंद्रावर शिकले. मुलीला तिच्याच पाड्यावर नेमणूक मिळावी असा आग्रह धरू नका. शेजारच्या खोऱ्यात मिळाली तर उत्तम. स्वतःच्या पाड्यावर ती सगळ्यांची भाची, वहिनी, सून असते. गर्भपाताचं, पाळणा लांबवण्याचं, नवऱ्याच्या मारहाणीचं बायका नात्यातल्या नर्सला सांगत नाहीत, घरभर होईल म्हणून. आणि तिला रात्री-अपरात्री नकार देता येत नाही. एका डोंगरापलीकडे भाषा तीच असते, नातं नसतं. माझ्या ज्या विद्यार्थिनी सर्वांत जास्त टिकल्या त्या अशाच, माहेरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. बाहेरून आलेली सिस्टर का जाते, हेही एकदा नीट बघा. निवासस्थानाला दार नाही, पाणी नाही, मोबाईलला रेंज नाही, हे तसंच राहिलं तर तुमची मुलगीही जाईल, आणि तिचं चुकणार नाही.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. जीएनएम आणि बी.एस्सी. मुलांनाही खुलं आहे. आश्रमशाळेतल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही.

तर यंदापुरतं एवढं करा. जानेवारीचा कार्यक्रम रद्द करा आणि ते पैसे आयांना वसतिगृह दाखवायला न्यायच्या गाडीसाठी ठेवा. आठवीच्या सहा मुली निवडा, पहिल्या नंबराच्याच नव्हे, घरात आजाऱ्याची उठाठेव करणाऱ्या निवडा, त्या तुम्हाला ओळखता येतील. त्यांच्या आजोबांची नावं आणि शाळा लिहून घ्या, आणि दिवाळीच्या आत, आईबाप भट्टीवर जायच्या आधी, कागद शोधायला लागा. उपकेंद्रावर सध्या जी सिस्टर आहे तिला माझा नमस्कार सांगा आणि विचारा, लसीकरणाच्या दिवशी एक सेकंदकाट्याचं घड्याळ आणि अंगणवाडीतली दोन-तीन लहान मुलं मिळतील का. पहिल्या वेळी श्वास मोजायला शिकवायला मी स्वतः येईन.